रेडिएटरातली हळद

माझा धाकटा दीर रामकिशन लहानपणी कुठलीच वस्तू खोलल्याशिवाय ठेवत नसे. मी लग्न होऊन गोरेगावात आले, तेव्हा माझ्या रुखवतात एक पितळी स्टो होता. माझ्या अंगावरची हळद उतरायच्या आत यानं तो स्टो खोलला. सासूबाई चिमटा घेऊन धावल्या. मी म्हणलं, राहू द्या आत्याबाई, बघू तर काय करतो.

त्यानं फडकं पसरून एकेक भाग मांडला, राखेनं घासला, फुंकला आणि परत जोडला. स्टो पेटला, आणि आधीपेक्षा निळा पेटला. पण फडक्यावर एक चकती उरली.

"ही कुठली रे?" मी विचारलं.

"एक उरतंच, वैनी," म्हणाला, आणि चकती चड्डीच्या खिशात टाकली.

तो स्टो माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नापर्यंत चालला. ती चकती कशाची होती ते आजवर कळलं नाही.

दिराला भाऊजी म्हणायचं असतं. चार लोकांत मी म्हणते. पण ज्याचं नाक पुसलं, ज्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, त्याला भाऊजी म्हणताना माझं मलाच हसू येतं. घरात तो रामकिशनच.

शाळेत त्याचा जीव रमला नाही. जीपवर किन्नर, म्हणजे डायव्हरच्या हाताखालचा पोऱ्या, म्हणून लागला, मग डायव्हर झाला, मग स्वतःची जुनी जीप घेतली. गोरेगाव, सेनगाव, हिंगोली आणि परत. त्या जीपचं एक दार दोरीनं बांधलेलं होतं. पुढं बसणाऱ्याला पाय उचलून बसावं लागे, कारण पायाखालून रस्ता दिसायचा. पण वाटेत गाडी बंद पडली आणि रामकिशननं माणसांना उतरवून पायी घरी धाडलं, असं कधी झालं नाही. डिझेलची टाकी ठिबकली की कपडे धुवायच्या साबणाची वडी काढायचा आणि चिरेत घासून बसवायचा. एकदा चतुराबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची, नवी चप्पल कापून त्यानं गाडीच्या कुठल्याशा सांध्यात घातली. चतुराबाई पुढं बरेच दिवस कुणी चपलेचं विचारलं की सांगायची, "सेनगावला गेली. रोज जाती."

आणि रेडिएटर गळलं की हळद. आमच्याकडच्या सगळ्याच जुन्या डायव्हरांना हे ठाऊक आहे. मूठभर हळद टाकायची, पाणी भरायचं, जरा वेळ इंजिन चालू ठेवायचं. हळद फुगते आणि भोकात जाऊन बसते. रामकिशन मागं वळून नुसतं विचारायचा, "कुणापाशी हळद हाय का?" आमच्या भागात जीपभर माणसांत एकाच्याही पिशवीत हळद नाही, असं होतच नाही. देणारी बाईसुद्धा वर म्हणायची, "आजून टाका, गाडीला थंडाई व्हईल."

गाडी निघायच्या आधी तो बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा, गाभण म्हशीच्या पोटाला हात लावतात तसा. काय ऐकायचा त्यालाच माहीत. पण आज हिंगोलीला नको, सेनगावपर्यंतच जाऊ, असं तो म्हणाला की लोक गुपचूप ऐकायचे.

जीप म्हातारी झाली. तिचे कागद पुन्हा होईनात, आणि ती भंगारात गेली. त्या दिवशी रामकिशन भंगारवाल्याच्या मागं वेशीपर्यंत चालत गेला. परत आला तो हातात फक्त पत्र्याचा डबा घेऊन. आजवर उरलेल्या चकत्या, नट, तारा सगळं त्या डब्यात.

मग त्याच्या लेकानं, सोमेश्वरनं, नवी गाडी आणली. सोमेश्वरचं स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगं कष्टाळू आणि बोलायला गोड, पण बापापेक्षा सावध. बापाला पुन्हा स्टेअरिंगवर बसलेलं बघावं म्हणूनच त्यानं गाडी घेतली, हे मला माहीत आहे. तो तसं बोलणार नाही, पण मला माहीत आहे.

गाडी पांढरी शुभ्र. चतुराबाईनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. रामकिशन बॉनेट उघडायला वाकला, तर सोमेश्वरनं हात धरला.

"बाबा, बॉनेट उघडायचं न्हाई. कंपनीनं सांगितलंय. बाहेरच्या माणसानं हात लावला की वारंटी जाती."

"मी बाहेरचा हाय का?"

"कंपनीच्या हिशोबानं हाव. समोर दिवा लागला की मला फोन करायचा, मी त्यायला करतो."

"पाणी बी बघायचं न्हाई?"

"न्हाई."

संध्याकाळी रामकिशन माझ्यापाशी ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "वैनी, सून घरात आणली, पण तिचं तोंड बघायचं न्हाई म्हणतेत."

तरी त्यानं ऐकलं. रोज बॉनेटवर हात ठेवायचा आणि उचलून घ्यायचा. आतून काही सांगतच नाही, म्हणायचा.

यंदा चैत्रात मी कुरुंद्याला माझ्या बहिणीकडं, मनकर्णाकडं गेले होते. तिच्या घरची हळद असते. दरवर्षी ती मला पिशवीभर देते आणि दरवर्षी म्हणते की औंदा कमी झाली. पिशवी घेऊन मी हिंगोलीला आले आणि रामकिशनच्या गाडीत बसले. पुढं मी, मागं सगळी सीट भरलेली. त्यात रागिणी नावाची एक बाळंतीण होती, माहेरून सासरी निघालेली, मांडीवर तान्हं लेकरू.

सेनगावच्या अलीकडं, जिथं सावलीला एक झाड नाही अशा जागी, गाडीच्या गरमीच्या काट्यानं वर उडी घेतली आणि बॉनेटखालून वाफ आली. रामकिशननं गाडी कडेला घेतली. सांगितल्याप्रमाणं लेकाला फोन केला. लेकानं कंपनीला केला. थोड्या वेळानं सोमेश्वरचा फोन आला, की कंपनीची माणसं उद्या येतील, गाडीला हात लावू नका.

"उद्या?" रामकिशन म्हणाला. "अन् माणसं?"

"दुसरी गाडी बघतो, बाबा. थांबा जरा."

आम्ही थांबलो. दुसरी गाडी येईना. रागिणीनं पदराची सावली केली, तरी लेकराचं तोंड लाल झालं. आधी ते रडत होतं, मग रडायचं थांबलं. ते थांबलं तसा रामकिशन उठला. टॉवेल हाताला गुंडाळला आणि बॉनेट उघडलं. नव्या गाडीचं तोंड त्यानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वाफ जाईपर्यंत थांबला. मग मागं वळून विचारायलाच लागला होता, "कुणापाशी..." तेवढ्यात त्याची नजर माझ्या मांडीवरच्या पिशवीवर आली.

मी पिशवीची गाठ सोडली.

मूठभर हळद आणि सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी घातलं, आणि गाडी चालू झाली. रामकिशनच्या तोंडावर स्टो पेटल्या दिवसाचं हसू होतं. रागिणीला तिच्या दारात उतरवलं. सासूनं लेकराला घेतलं तसं ते पुन्हा रडलं, आणि मला बरं वाटलं. पण गोरेगाव जवळ आलं तेव्हा समोर एक पिवळा दिवा लागला. गाडी जोरात जाईना. बैलगाडीच्या चालीनं घरी आलो. हळद पिवळी आणि दिवाही पिवळा. मी म्हणलं, ओळखलं दिसतंय तिनं.

दुसऱ्या दिवशी सोमेश्वर आणि रामकिशन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला निघाले. मला गुडघ्याचं औषध आणायचं होतं, म्हणून मीही बसले. ती जागा दवाखान्यासारखी. काचेच्या आत गाड्या, काचेच्या बाहेर नातेवाईक. टाय घातलेला एक पोरगा आला, बोट पिवळं करून आणलं होतं त्यानं.

"मावशी, ये क्या डाला है इसमें?"

"हळद हाय," मी म्हणलं. "कुरुंद्याची. भेसळ न्हाई त्यात."

तो हसला नाही. सोमेश्वर खाली बघायला लागला. पोऱ्यानं सांगितलं, की बाहेरच्या माणसानं काम केलंय, वारंटी संपली. हळद बारीक नळ्यांत बसली असेल, सगळंच बदलावं लागेल. आणि तो दिवा आमच्याच कॉम्प्युटरवर विझतो, दुसरीकडं कुठं विझायचा नाही. बदलायचा जो दाम सांगितला तो ऐकून सोमेश्वरनं पाणी मागितलं.

"साहेब," रामकिशन म्हणाला, "गळत कुठून व्हतं, तेवढं तरी दाखवा."

"कस्टमर को अंदर अलाऊड नहीं है, काका."

रामकिशन काचेला कपाळ लावून उभा राहिला. आत त्याची गाडी उचलून धरलेली. मी जवळ गेले तर हळूच म्हणाला, "वैनी, एवढी वर उचललीय. खालून पोट बघायला मिळालं असतं."

काही न बदलता आम्ही गाडी तशीच हळूहळू घरी आणली. अंगणात उतरल्यावर सोमेश्वरनं हात पुढं केला.

"चावी द्या, बाबा."

रामकिशननं चावी सदऱ्याला पुसली आणि दिली.

"गाडी सुधरली की शेजारचा पेमा चालवंल. त्याला सांगितलेलं कळतं. नव्या गाडीत हळद टाकतेत का कोणी? ब्रेक, बिरेक, सगळं कॉम्प्युटरवर हाय. उद्या कायतरी झालं अन् मागं बसलेली माणसं गेली तर?"

"चुकलं माझं," रामकिशन म्हणाला. आवाज चढवला नाही. "हळद टाकायला नको व्हती. पण गाडी आपली हाय ना? मग चुकायचा हक्क बी माझाच की. कंपनीनं तर दाखवलं बी न्हाई काय चुकलं ते."

सोमेश्वर दुकानाकडं निघून गेला. चावी त्याच्या पँटीच्या खिशात वाजत गेली.

त्या दिवसापासून रामकिशन पडेल झाला. सकाळी उठून उभी गाडी धुवायचा. धुतलेलीच पुन्हा धुवायचा. मग पायरीवर तिच्याकडं तोंड करून बसायचा. कुणी विचारलं गाडी कधी निघणार, की म्हणायचा, "मालकाला विचार." मालक म्हणजे कोण, लेक का कंपनी, ते सांगत नसे. चतुराबाई माझ्याकडं येऊन म्हणाली, "जाऊबाई, भाकर अर्धी ठेवून उठून राहिले. चप्पल कापली तवा राग आला व्हता, आता वाटतं घरातल्या सगळ्या चपला कापू दे."

मी त्याला स्टँडवर संतरामच्या गॅरेजात घेऊन गेले. संतराम त्याच्या जुन्या जीपचा सोबती. तिथं किसनसिंग ट्रॅक्टरवाला बाकावर बसला होता.

"या हळदवाले," किसनसिंग म्हणाला. "आता कुंकू बी लावा म्हणावं रेडिएटरला."

"तुझा ट्रॅक्टर काहून उभा हाय मग?" संतरामनं त्याला विचारलं.

किसनसिंगचा आवाज खाली आला. त्याचाही ट्रॅक्टर नवा. त्यात काहीतरी लॉक पडलं होतं. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईल तेव्हा ते निघणार होतं. तोवर शेत त्याची वाट बघत होतं. "रान माझं, ट्रॅक्टर माझा, अन् कुलूप त्यायचं," तो म्हणाला. "दिल्लीत म्हणे ह्याच्यावर बोलणं चालू हाय, दुरुस्तीचा हक्क का कायतरी. मोबाईलवर आलं व्हतं."

"बोलणं चालू हाय, ट्रॅक्टर बंद हाय," संतराम म्हणाला. मग रामकिशनकडं वळला. "खरं सांगू का भाऊ, सोमेश्वर बी बराबर हाय. आता नळ्या लई बारीक. हळद बसली तर गच्च व्हती. ते दिवस गेले. मी बी नव्या गाडीला हात लावायला भितो. पण भितो कशानं, तर कोणी शिकवतच न्हाई. कंपनी पुस्तक देत न्हाई, पार्ट देत न्हाई. दाखवलं तर काय आपल्याला कळणार न्हाई?"

"धुऊन निघंल का रे हळद?" रामकिशननं विचारलं.

"बसली नसंल तर निघंल. पण तुझा लेक उघडू देणार का?"

रामकिशन उठून घराकडं निघाला.

दुसऱ्या दिवशी मी सोमेश्वरच्या दुकानात जाऊन बसले. माझ्या मोबाईलला चार्जिंगची पिन लागत नव्हती, तेवढं निमित्त पुरे होतं. मला त्याला काही शिकवायचं नव्हतं. लेकराला रागवायला मी गेले नव्हते. फक्त घरात तो माझ्याशी बोलत नव्हता, म्हणून गेले. त्यानं चहा सांगितला.

तेवढ्यात मेंढरंवाला प्रभू आला. खांद्यावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेला मोबाईल. "कंपनीच्या दुकानात गेलतो," तो म्हणाला. "ते म्हणले ह्यो खोलता येत न्हाई, नवा घे. ह्याच्यात माझ्या नातीचे फोटो हायत."

सोमेश्वरनं मोबाईल हातात घेतला, कानाशी हलवला, कडेनं अंगठा फिरवला. मग गरम हवेनं मागची काच सैल केली आणि पातळ पात्यानं अलगद उचलली. आत कंपनीचा एक चिकट कागद होता, त्यावर काहीतरी लिहिलेलं. तो त्यानं चिमट्यानं काढून बाजूला ठेवला.

"हे काय लिव्हलंय रे?" मी विचारलं.

"ह्येच, की हा कागद फाटला तर वारंटी गेली."

"मग?"

"मग काय, मोठीमाय? ह्या माणसानं मेंढरं सोडून किती चकरा मारायच्या? अन् मोबाईल त्याचा हाय. त्याला..."

तिथं तो थांबला. चिमटा हातात तसाच. मी चहा बशीत ओतला आणि फुंकायला लागले. प्रभू एकदा माझ्याकडं बघे, एकदा त्याच्याकडं. सोमेश्वरनं मान खाली घातली आणि मोबाईल नीट केला. नातीचे फोटो निघाले. तिला वरचे दात यायचे होते आणि ती हसत होती. आम्ही सगळ्यांनी बघितले.

माझ्या मोबाईलच्या पिनेत पीठ गेलं होतं. त्यानं काडीनं काढून दिलं. "मोठीमाय," एवढंच म्हणाला, "पीठ मळताना फोन उचलत जाऊ नका."

सकाळी मी अंगण झाडत होते, तर सोमेश्वर दुकानाला न जाता गाडीपाशी उभा. संतराम नवी नळी आणि अवजारं घेऊन आला होता. रामकिशन पायरीवर भिंतीकडं तोंड करून बसलेला.

"बाबा, या इकडं," सोमेश्वर म्हणाला. "वारंटी तर गेलीच हाय. आता तरी गाडी आपली झाली."

त्यानं स्वतः बॉनेट उघडलं. मोबाईलवर त्या गाडीच्या दुरुस्तीचा व्हिडिओ लावला आणि बाजूला टेकवून ठेवला. तिघंही आत वाकले. गळती रेडिएटरची नव्हतीच, वरच्या नळीला चीर होती आणि तिचा पट्टा ढिला होता. संतराम म्हणाला, "एवढंच व्हतं बघ." रामकिशन म्हणाला, "एवढंच मला काचेतून बघायचं व्हतं."

मग रेडिएटरचं खालचं बूच सोडलं आणि हळद अंगणात वाहायला लागली. आधी घट्ट, मग पातळ. पाण्याचा नळ लावून परत परत धुतलं, तरी पिवळंच. ओटा पिवळा, कोंबड्यांचे पाय पिवळे, तिघांचे हात कोपरापर्यंत पिवळे. चतुराबाई परड्यातून आली आणि दारातच थांबली.

"कुणाचं लगीन हाय हो?"

"गाडीचं," रामकिशन म्हणाला. किती दिवसांनी तो हसला.

त्या दिवशी त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. चतुराबाईनं मला खुणेनं दाखवलं.

नवीन नळी बसली, कंपनीचं हिरवं पाणी विकत आणून भरलं, सगळं आवळलं. तरी फडक्यावर प्लास्टिकची एक बारीक क्लिप उरली. सोमेश्वरनं व्हिडिओ मागं नेला, पुढं नेला. "बाबा, ही कुठली?"

"एक उरतंच," रामकिशन म्हणाला आणि खिशात टाकायला लागला.

"न्हाई," सोमेश्वर म्हणाला. "ह्या येळी बघू." आणि दोघं पुन्हा आत वाकले. बराच वेळ डोकी आत, पाय बाहेर. सापडली जागा. ती बसवताना लेकानं दिवा धरला आणि बापानं बोट घातलं, कारण लेकाचं बोट तिथं जात नव्हतं.

गाडी चालू केली. काटा मधोमध थांबला. पिवळा दिवा मात्र तसाच होता. संतराम म्हणाला, कॉम्प्युटर त्यांच्याकडंच आहे, आपल्या हातात नाही. सोमेश्वरनं कुठूनसं मोबाईलला जोडायचं एक छोटं यंत्र मागवलं. ते लावून बघून तो म्हणाला, की गाडी आता बरी आहे, फक्त आधीचं विसरली नाही. चार-आठ दिवस नीट चालवा, दिवा आपणच विझेल, नाही विझला तर बघू. मी म्हणलं, माणसासारखंच आहे की मग.

चावी सोमेश्वरनं बापाच्या हातात दिली नाही. गाडीला लावून ठेवली आणि स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसला. रामकिशन जरा वेळ अंगणात उभा राहिला. मग बॉनेटवर पिवळा हात ठेवून ऐकलं, आणि फिरून येऊन स्टेअरिंगवर बसला. पांढऱ्या बॉनेटवर पंजाचा ठसा उमटला. चतुराबाईनं तो पुसू दिला नाही.

परवा मी पुन्हा कुरुंद्याला गेले होते. माझी हळद रेडिएटरात गेली हे मनकर्णाला कळलं होतं. तिनं पिशवी भरून दिली आणि म्हणाली, ही तरी भाजीत घाल. येताना मी हिंगोलीला रामकिशनच्या गाडीत पुढं बसले. पिवळा दिवा कधीच विझला होता. पिशवी मांडीवर घेतली होती. सेनगावच्या अलीकडं, त्या बिनझाडाच्या जागी, रामकिशननं काट्याकडं बघितलं. काटा मधोमध. मग माझ्या मांडीकडं बघितलं.

"वैनी," म्हणाला, "ती पिशवी जरा मागं ठेवतीस का?"

मी पिशवी मागच्या बाईकडं दिली, आणि नीट धरायला सांगितलं.